मद्यार्क आणि पाचकरस : संशोधनाची पार्श्वभूमी

पोटावरील जखमेचे छिद्र कायम उघडे राहिलेल्या एका माणसाच्या जठराची निरीक्षणे 1833 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि अति मद्यपानानंतर जठराच्या अस्तरावर लाल चट्टे उठतात, अशी नोंद त्यांत होती. मद्यार्काने जठरातील आम्लस्राव वाढतो, ही समजूत मात्र बरीच पुढे, एका तपासणीच्या आधाराने पक्की होत गेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जठररस तपासताना स्राव सुरू करण्यासाठी आधीच्या पाव-चहाऐवजी मद्यार्काचे सुमारे 7 टक्क्यांचे द्रावण पाजण्याची पद्धत रूढ झाली. अन्नकण न मिसळलेला स्वच्छ नमुना नळीतून ओढता येई, ही तिची सोय खरीच होती. पण त्यामुळे मद्यार्क हा आम्लस्रावाचा भरवशाचा उत्तेजक ठरला, आणि या निवडीमागे पुराव्यापेक्षा सोयीचा वाटा मोठा होता, असे म्हणावे लागते. 1953 मध्ये आम्लस्राव चेतवणाऱ्या हिस्टामिन या द्रव्याचा मोठा डोस देऊन करायची चाचणी आली आणि मद्यार्काची चाचणी मागे पडत गेली, तरी ती समजूत टिकली.

तिला खरा धक्का बसला तो 1987 मध्ये. निरोगी माणसांवरील प्रयोगांत 1.4 आणि 4 टक्क्यांच्या शुद्ध द्रावणांनी आम्लस्राव माफकच वाढला, तर 5 ते 40 टक्क्यांच्या द्रावणांनी तो वाढलाच नाही. बिअरने मात्र तो जवळपास कमाल पातळीवर नेला. वाइननेही तो बराच वाढवला, आणि दोन्हींमुळे रक्तातील गॅस्ट्रिन हे आम्लस्राव वाढवणारे संप्रेरकही वाढले. व्हिस्की व कोन्यॅक ही ऊर्ध्वपातनाने काढलेली मद्ये निष्प्रभ ठरली. म्हणजे उत्तेजक द्रव्य आंबवताना तयार होते आणि ऊर्ध्वपातनात मागे राहते. हे द्रव्य म्हणून 1999 मध्ये मॅलेइक आणि सक्सिनिक या आम्लांकडे बोट दाखवले गेले.

स्वादुपिंडाच्या बाबतीत शिरेतून दिलेला मद्यार्क बायकार्बोनेट व विकरांचा (एन्झाइमांचा) स्राव घटवतो, हे आधीच दिसले होते. दीर्घकाळच्या मद्यपानात मात्र रस प्रथिनांनी दाट होऊन नलिकांत गुठळ्या अडकतात आणि त्यातून ग्रंथीचा दाह सुरू होतो, असा सिद्धांत बराच काळ प्रभावी होता. 1986 मध्ये नशेत मृत्यू पावलेल्यांच्या अवयवांत मेदाम्लांची इथिल एस्टरे (मद्यार्क आणि मेदाम्ले यांच्या संयोगातून बनणारी द्रव्ये) सापडली आणि त्यांचे प्रमाण स्वादुपिंडात सर्वाधिक होते, तेव्हा लक्ष नलिकांकडून पेशींकडे वळले. मद्यार्कापासून ॲसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य ऑक्सिडीकरणातून बनते, ही एस्टरे मात्र ऑक्सिडीकरणाविना. त्यांच्यामुळे पेशींतील कॅल्शियम चढे राहते, ऊर्जानिर्मिती कोलमडते आणि आतड्यात जागी व्हायची विकरे ग्रंथीतच सक्रिय होतात.