ग्राफिक्स कार्ड रिकामं बसलंय, मग गेम का रखडतोय?

दिवाळीच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. "मामा, मला नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय. आईला सांग ना, अभ्यासाला लागतं म्हणून." तिचा अभ्यास म्हणजे माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी जग बांधायचा गेम, आणि तोही साधा नाही. दोन-अडीचशे मॉड, म्हणजे इतरांनी लिहिलेली गेमची जोडकामं, एकत्र बांधलेला मॉडपॅक, आणि त्यात हिने नाशिकच्या सातपूर-अंबडला लाजवेल अशी औद्योगिक वसाहत उभारलेली: खाणी, भट्ट्या, मैलभर पाइप. हे सगळं आता रखडत होतं. एमजी रोडवरच्या एका दुकानदाराने मशीन न बघताच निदान केलं होतं, "कार्ड जुनं झालंय, मोठं टाका."

इंदिरानगरला तिच्या घरी गेलो, चिवड्याची वाटी घेऊन मशीनसमोर बसलो. कोपऱ्यात आकडा होता ९० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं. ग्राफिक्स कार्ड ३५ टक्के कामात, प्रोसेसर १७ टक्के. रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, तेवढी गच्च. चित्रं भराभर निघत होती आणि तरीही तिने ब्लॉक फोडला की तो नाहीसा व्हायचा, क्षणभराने परत उगवायचा, मग पुन्हा जायचा. गायी चालायच्या ऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी टपकायच्या.

ज्या मशीनवर ९० चित्रं निघतात तिथे कार्ड बदलून काय होणार? १५० निघतील. गायी तशाच टपकत राहतील.

माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत, म्हणजे जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या, दोन वेगळी कामं चालतात. एक जण चित्र काढायची तयारी करतो. दुसरा जग चालवतो: कोणती भट्टी किती तापली, कोणत्या पाइपातून काय सरकलं, गाय कुठे गेली. हा दुसरा सेकंदाला २० ठोके मारतो, म्हणजे एका ठोक्याला ५० मिलिसेकंद. सगळ्या जगाचा हिशेब तेवढ्यात उरकला नाही तर ठोका लांबतो, आणि ब्लॉक फुटला की नाही याचा अधिकृत निकाल उशिरा येतो. स्पार्क नावाचा मॉड टाकून मोजलं, तर ठोका साठ मिलिसेकंदांच्या वर जात होता. रोग सापडला, आणि तो कार्डाचा नव्हता.

"पण प्रोसेसर तर १७ टक्केच आहे," भाची म्हणाली. हा आकडा भल्याभल्यांना फसवतो. तिच्या प्रोसेसरला सहा कोअर, म्हणजे काम करणारे सहा भाग, आणि बारा थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या बारा रांगा. विंडोज दाखवतं ती बाराची सरासरी. एक थ्रेड पूर्ण भरला की सव्वाआठ टक्के, दोन भरले की १७. बारा जणांच्या ऑफिसात दोघे मान मोडून काम करतायत आणि दहा जण चहाला गेलेत, तर सरासरीवरून ऑफिस निवांतच दिसणार! मग काम दहा जणांत वाटून का देत नाहीत? कारण पाइपात काय आलं हे भट्टीचा हिशेब झाल्याशिवाय कळत नाही. जेवढं काम एकापाठोपाठ एकच करावं लागतं, तेवढं माणसं वाढवून कमी होत नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली हेच मांडलं. म्हणून सहाच्या जागी सोळा कोअर घेणं हाही अशा गेमसाठी वाया गेलेला पैसा.

आता माझा आवडता भाग. तो मान मोडून काम करणारा एक थ्रेड नेमकं करतो काय? बराचसा वेळ तो काहीच करत नाही. वाट बघतो.

प्रोसेसर ४ गिगाहर्ट्झवर चालतो असं धरू. एक टिकटिक पाव नॅनोसेकंदाची. एवढा वेळ आपल्या डोक्यात मावत नाही, म्हणून एका टिकटिकीला एक सेकंद मानू आणि प्रोसेसरला मिसळीच्या हॉटेलात बसवू. गिऱ्हाइकाने कांदा मागितला. प्रोसेसरच्याच आत छोटी, चपळ मेमरी असते, तिला कॅश म्हणतात. पहिल्या पातळीची कॅश म्हणजे हातालगतची वाटी: चार सेकंद. दुसऱ्या पातळीची कॅश म्हणजे ओट्याखालचा डबा: बारा-चौदा सेकंद. तिसरी पातळी म्हणजे मागच्या खोलीतलं पोतं: पाऊण मिनिट. तिथेही नसेल तर रॅम. रॅमचा फेरा साधारण ८० नॅनोसेकंदांचा, म्हणजे आपल्या घड्याळात सव्वापाच मिनिटं. पोऱ्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे पळाला, तोवर आचारी हात बांधून उभा. रॅममध्येही नसेल तर एसएसडी: पावणेचार दिवस, लासलगावला जाऊन लिलावात उभं राहून कांदा आणावा तसं. आणि जुनी फिरती हार्ड डिस्क? सव्वा वर्ष. म्हणजे कांद्याचं रोप टाकायचं, लावायचं, काढायचं, चाळीत साठवायचं, वर पुढच्या हंगामाचं रोपही टाकून झालेलं असतं. तोवर मिसळीचं काय?

प्रोसेसर मूर्ख नाही. तो एक कांदा आणत नाही, शेजारचा मालही उचलतो, एका खेपेला ६४ बाइट. शिवाय पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून आधीच मागवतो. ओळीने रचलेल्या मालाला हा अंदाज अचूक लागतो. मॉडच्या जगात मात्र माल ओळीने नसतो. भट्टी सांगते, माझा पाइप अमुक पत्त्यावर. त्या पत्त्यावर गेल्यावर पाइप सांगतो, माझ्या टोकाची पेटी तमुक पत्त्यावर. पेटीपाशी पोचल्यावर कळतं की आतल्या वस्तूची माहिती आणखी तिसरीकडे. पहिला पत्ता हाती आल्याशिवाय दुसरा कळत नाही, मग अंदाज कशाचा बांधणार? दाखल्यासाठी या टेबलावरून त्या टेबलावर फिरलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. त्यात मॉड लिहिणारे अडीचशे वेगवेगळे लोक. माल कुठे ठेवायचा याबद्दल त्यांचं एकमेकांशी बोलणंही झालेलं नसतं.

हिशेब करून बघा. समजा वीस हजार यंत्रं आहेत आणि प्रत्येकासाठी मेमरीत वीस ठिकाणी जावं लागतं. झाल्या चार लाख फेऱ्या. प्रत्येक फेरी रॅमपर्यंत, ८० नॅनोसेकंदांची: ३२ मिलिसेकंद. पन्नासातले बत्तीस नुसत्या येण्याजाण्यात गेले, अजून एक बेरीजही झालेली नाही! तोच माल तिसऱ्या पातळीच्या कॅशमध्ये, सुमारे १० नॅनोसेकंदांवर मिळाला तर लागतात ४ मिलिसेकंद.

मग वेगवान रॅम घ्यावी? डब्यावरचा मोठा आकडा इथे कामाचा नाही. डीडीआर४-३२०० सीएल१६ घ्या; डीडीआर४ ही रॅमची पिढी, सीएल१६ म्हणजे माल द्यायला सोळा ठोके. तिचं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झ, एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंद, सोळा ठोके म्हणजे १० नॅनोसेकंद. आता डीडीआर५-६००० सीएल३०: घड्याळ ३००० मेगाहर्ट्झ, ठोका ०.३३३, तीस ठोके म्हणजे पुन्हा १०. पिढी बदलली, आकडा जवळपास दुप्पट झाला आणि हा विलंब होता तिथेच. दुप्पट झाला तो रस्त्याचा रुंदपणा. एका वेळी जास्त माल येईल, पण पहिला कांदा येईल पूर्वीइतक्याच वेळाने.

याचं मूळ रॅमच्या पेशीत आहे. एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा इवलासा थेंब धरणारा एक कपॅसिटर, ही रॉबर्ट डेनार्ड यांची कल्पना. पेटंट १९६८ सालचं. स्वस्त आणि आटोपशीर, पण तो थेंब गळतो. म्हणून डीडीआर४मध्ये सगळ्या ओळी दर ६४ मिलिसेकंदांत एकदा पुन्हा भराव्या लागतात. वाचायचं तरी आधी अख्खी ओळ उघडायची, तो क्षीण थेंब मोठा करून ओळखायचा, मग हवा तो तुकडा द्यायचा. कॅशच्या पेशीत कपॅसिटर नसतो, प्रत्येक बिटला सहा ट्रान्झिस्टर असतात. म्हणून ती चपळ आणि म्हणूनच महाग. मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली अशा मधल्या छोट्या मेमरीची कल्पना मांडली तेव्हा तिला 'गुलाम मेमरी' म्हटलं होतं. आज मालक या गुलामाच्या भरवशावर जगतो.

२०२२ साली एएमडी या कंपनीने रायझेन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर काढला. नेहमीच्या ३२ एमबी कॅशच्या डोक्यावर ६४ एमबीची आणखी एक चकती चढवली, एकूण ९६. एमबीमागे सुमारे साडेदहा लाख बाइट, बाइटमागे आठ बिट, बिटमागे सहा ट्रान्झिस्टर धरून गुणाकार केला तर नुसत्या या पेशींसाठीच ४८० कोटींच्या वर ट्रान्झिस्टर होतात. गंमत म्हणजे त्याचं कमाल घड्याळ साध्या ५८००एक्सपेक्षा मंद, ४.७ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ. तरीही बऱ्याच गेममध्ये तोच पुढे. जास्त पळणाऱ्या आचाऱ्यापेक्षा मागची खोली मोठी असलेला आचारी बरा.

जाहिरातीत न सांगितली जाणारी गोष्टही सांगतो. ही जादू माल त्या खोलीत मावतो तोवरच चालते. फॅक्टोरिओ हा कारखान्यांचा गेम खेळणाऱ्यांनी मोजून पाहिलंय: मध्यम कारखान्यात मोठ्या कॅशचा फायदा डोळ्यात भरतो, कारखाना अवाढव्य झाला की तो आक्रसत जातो.

भाचीचा प्रोसेसर रायझेन ५ ३६००. कॅश ३२ एमबी, पण ती दोन गटांत सोळा-सोळा वाटलेली. तिच्याच एएम४ सॉकेटात, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खोबणीत, बायोस हे बोर्डाचं सॉफ्टवेअर अपडेट केल्यावर, ९६ एमबीवाला प्रोसेसर बसतो. बोर्ड तोच, रॅम तीच. आणि रॅम तीच राहणं ही छोटी गोष्ट नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी पळवल्यामुळे २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव असे चढले, की कांद्याने शिकवणी लावावी.

पण खरेदीच्या आधी एक फुकटचा उपाय होता. गेम मधूनच दोन-दोन सेकंद थिजायचा. कुठलासा व्हिडिओ बघून तिने १६ जीबीपैकी १४ जीबी जावाला देऊन टाकली होती. जावा वापरून झालेल्या वस्तू लगेच टाकत नाही. साचू देतो आणि मग घंटागाडी काढतो. घंटागाडी फिरताना गेमला थांबावं लागतं. थोडी मेमरी दिली तर गाडी सारखी येते. वारेमाप दिली तर विंडोजलाच जागा उरत नाही, ते माल एसएसडीवर नेऊन टाकतं, आणि गाडी त्या गल्लीत शिरली की पावणेचार दिवस परत येत नाही. १४चे ८ जीबी केले, थिजणं जवळपास थांबलं. लिथियमसारखा जगाचा हिशेब हलका करणारा मॉडही टाकला. खर्च शून्य.

या वयाच्या मुलांमध्ये 'रॅम क्लीनर' नावाचा गंडा-दोरा फार चालतो. रॅम रिकामी दिसली की बरं वाटतं, पण ते सॉफ्टवेअर बहुतेक वेळा पुढे लागणारा मालच बाहेर फेकतं आणि तो पुन्हा डिस्कवरून आणावा लागतो. खंडेनवमीला कॅबिनेटला हळदकुंकू लावलेलं मला चालतं. त्याने निदान वेग कमी होत नाही.

कार्ड बदलायची वेळ येतच नाही असं मात्र नाही. भाचीचा मित्र तिथेच बसला होता, तो स्कायरिमवाला. २०११चा मूळ गेम ३२ बिटचा, त्याला ४ जीबीपलीकडचे पत्तेच मोजता येत नव्हते. २०१६ची आवृत्ती ६४ बिटची आली आणि मॉडवाल्यांना रान मोकळं झालं. या पोराने प्रत्येक वाटीला, प्रत्येक कोबीला ४केची कातडी, म्हणजे वस्तूवर गुंडाळायचं चित्र, चढवलेली. ४०९६ गुणिले ४०९६ ठिपके, दाबून बसवल्यावर ठिपक्याला एक बाइट, म्हणजे १६ एमबी. लांबून बघण्यासाठीच्या छोट्या प्रतींचे आणखी एक तृतीयांश. झाले २१ एमबीच्या वर. उंचसखलपणाचा नकाशा वेगळा, तोही तेवढाच. अशा ३८४ कातड्यांत ८ जीबीचं कार्ड संपतं. आणि पडद्यावर एकूण ठिपके किती? फुल एचडीत पावणेएकवीस लाख. एका कोबीच्या कातडीत मात्र एक कोटी अडुसष्ट लाख!

कार्ड भरलं की माल रॅममधून ओढावा लागतो. आरटीएक्स ४०६० या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी देते, पण बोर्डाशी जोडणारा तिचा रस्ता सुमारे १६ जीबीचा, जुन्या बोर्डावर आठाचाच. मान वळवली की झटका बसतो तो इथे. म्हणून २०२१चं १२ जीबीचं ३०६० या पोराला २०२३च्या ८ जीबीच्या ४०६०पेक्षा जास्त उपयोगी पडू शकतं. त्याआधी कातड्या २केवर आणल्या तर जागा एक चतुर्थांशच लागते. त्याला हे पटलं नाही. कोबी त्याला जवळून बघायचा असतो.

उरलेलं थोडक्यात: गेम एसएसडीवर हवाच, पण साध्या एसएसडीवरून महागड्या एनव्हीएमईवर, म्हणजे आणखी वेगवान एसएसडीवर, गेल्याने ठोका सुधारत नाही. रॅमची एकच पट्टी असेल तर जोडी करा. एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीत, कंजुषी नको.

भाचीला वापरलेला ५७००एक्स३डी, म्हणजे तसाच ९६ एमबीवाला प्रोसेसर, मिळाला. बसवल्यावर त्याच जगात, त्याच वसाहतीत ठोका पन्नासाच्या आत आला, गायी चालायला लागल्या. एक शंका मात्र शिल्लक आहे. या पिढीत कॅशची चकती कोअर असलेल्या चिपच्या डोक्यावर बसते, त्यामुळे उष्णता बाहेर पडायला अडते. २०२४च्या ९८००एक्स३डीमध्ये ती कोअरच्या खाली नेली. भाचीची खोली वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली. आम्ही मोजलं ते थंडीत, खिडकी उघडी ठेवून. एप्रिलमध्ये नाशिक चाळिशीला टेकलं की पुन्हा मोजायला बोलावलंय.