जिवंत पेशींचा कॉम्प्युटर खरंच वेगवान असतो का?

"जिवंत पेशींचा कॉम्प्युटर सुपरकॉम्प्युटरपेक्षा लाखो पट वेगवान असतो, लवकरच लॅपटॉप मोडीत निघणार" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. असा कॉम्प्युटर म्हणजे जनुकं बदलून ठरावीक संकेताला ठरावीक 'उत्तर' द्यायला लावलेल्या पेशी, बहुधा जिवाणू. मेसेज पटतो, कारण जिवाणू वाढवलेल्या द्रवाच्या एका थेंबात ते कोट्यवधी असू शकतात आणि प्रत्येक जण एकाच वेळी काम करतो असं वाटतं.

पण संख्या वेगळी, वेग वेगळा. पेशीने 'उत्तर' देणं म्हणजे बहुधा एखादं प्रथिन तयार करणं. आधी आरएनए नावाच्या रेणूच्या रूपात जनुकाची प्रत निघते, तिच्यावरून प्रथिन जुळतं, मग ते पुरेसं साठावं लागतं. यात मिनिटं जातात, कधी तास. २००० साली ई. कोलाय जिवाणूत एकमेकांना दाबणाऱ्या दोन जनुकांची चालू-बंद कळ बसवली गेली. ती एका दिशेने पलटायला काही तास लागत. मोबाइलची चिप सेकंदाला अब्जावधी क्रिया करते.

पडताळायचं असेल तर अशा मजकुरात एक आकडा शोधा: एका क्रियेला वेळ किती? तो नसेल तर वेगाच्या दाव्याला आधार नाही.

पेशींचं खरं बळ रसायनं ओळखण्यात आहे आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं. पाण्यात आर्सेनिक असेल तर चमकणारे जिवाणू प्रयोगशाळेत बनवलेले आहेत. तिथे उत्तरासाठी तासभर थांबावं लागलं तरी काही बिघडत नाही.