शनिवारचा शिनवार: रेमिंग्टन आणि इनस्क्रिप्टमधला खरा फरक

जत्रेच्या हँडबिलावर 'शिनवार', गणेशोत्सवाच्या वर्गणी पावतीवर 'चतुथीर्', पत्त्यात गोव्यातल्या पर्वरीचं 'पवर्री'. असं काही छापून आलं की ठरलेलं उत्तर मिळतं: युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या आजच्या पद्धतीत, वेलांटी आणि रफार नीट बसत नाहीत. साफ खोटं. वेलांटी आणि रफार जिथे टाईप केले तिथेच बसलेत. इनस्क्रिप्ट आणि रेमिंग्टन हे मराठी टाईप करायचे दोन कळफलक. टाईप करणाऱ्याची बोटं इनस्क्रिप्टवर होती आणि डोकं रेमिंग्टनवर, एवढंच झालंय.

रेमिंग्टन तुम्हाला येतं असं धरून चालतो. टायपिंगच्या क्लासात टाइपरायटरवर शिकवलं जायचं ते हे. ण, श यांसारखी अक्षरं अर्धी टाईप करून पुढे काना द्यायचा, वेलांटी आधी, रफार शेवटी. यापुढे त्याची ओळख करून देत नाही.

आधी एक गैरसमज झटपट निकालात काढू. 'मी कृतिदेवमध्ये टाईप करतो, तो युनिकोडमध्ये करतो' या वाक्यात फॉन्ट आणि कळफलक यांची खिचडी आहे. कोणत्या कळेवर काय आहे हे कळफलक सांगतो. फाईलमध्ये काय साठतं हा वेगळा विषय. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी साठतच नाही. 'किनारा' हा शब्द तिथे एफ, डी, यू, के, जे, के या सहा रोमन अक्षरांचा असतो आणि फॉन्ट त्यांना वर मराठी मुखवटा चढवतो. मुखवटा काढला, म्हणजे मजकूर व्हॉट्सॲपवर टाकला, की खाली तीच सहा अक्षरं उरतात. युनिकोडमध्ये मात्र खरोखर क, ि, न, ा, र, ा साठतात. वेलांटीची जागा दोन्हीकडे पाहा: कृतिदेवमध्ये पहिली (एफ म्हणजे वेलांटी), युनिकोडमध्ये दुसरी. आपला सगळा घोटाळा इथून सुरू होतो.

टाइपरायटरला अक्षर म्हणजे काय ते कळत नाही. कागदावर डावीकडून उजवीकडे शाईच्या खुणा उमटवायच्या, एवढंच त्याचं काम. ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते म्हणून ती आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर दिसतो म्हणून ते अक्षर, त्याची मात्रा, वेलांटी सगळं झाल्यावर तो शेवटी. रेमिंग्टन म्हणजे जसं दिसतं तसं. इनस्क्रिप्ट म्हणजे जसं उच्चारतो तसं. हा कळफलक भारतीय मानकात, म्हणजे आयएस १३१९४:१९९१ मध्ये, दिलेला आहे आणि युनिकोडचा देवनागरी विभागही त्याच घराण्यातल्या इस्की या भारतीय लिप्यांच्या संकेतावरून घेतलेला आहे. म्हणून टाईप करायचा क्रम आणि साठवायचा क्रम इथे एकच. 'नि' म्हणताना आधी न उच्चारता, मग इ. टाईपही तसंच.

आता 'शनिवार' बघू. रेमिंग्टनच्या सवयीने श झाल्यावर वेलांटी मारली, मग न. इनस्क्रिप्टला वाटतं वेलांटी श साठी होती, कारण नुकताच श आलाय. झाला 'शिनवार'. याच वाटेने रविवारचा 'रिववार' होतो, कवितेची 'किवता' आणि गणिताचं 'गिणत'. शब्द वेलांटीवाल्या अक्षराने सुरू होत असेल, उदाहरणार्थ 'डिचोली', तर नशीब चांगलं. वेलांटीला चिकटायला मागे कोणी नसतं, म्हणून ती एका ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकते आणि चूक डोळ्यांत भरते. शब्दाच्या मध्ये हे वर्तुळ बहुतेक वेळा येत नाही. 'शिनवार' दिसायला शब्दासारखाच दिसतो, म्हणून प्रुफातून सुटतो.

जोडाक्षर आलं की वेलांटी आणखी पुढे जाते. 'स्थिती' मध्ये ती दिसते स च्या आधी, टाईप होते थ नंतर: स, पाय मोडणे, थ, वेलांटी, मग त आणि दीर्घ वेलांटी. पूर्ण जोडाक्षर आधी तयार करायचं, स्वर त्यानंतर. याला अपवाद नाही.

रफार आणि रकार यात लोक सगळ्यात जास्त चाचपडतात, आणि इनस्क्रिप्टमध्ये तेच सगळ्यात सोपं आहे. पाय मोडायची कळ आहे डी, र आहे जे वर. दोन्ही मधल्या ओळीत, बोटांखालीच. र आधी आणि पाय नंतर मोडला तर रफार. दुसऱ्या अक्षराचा पाय आधी मोडला आणि र नंतर आला तर रकार. 'तर्क' म्हणजे त, र, पाय, क. 'चक्र' म्हणजे च, क, पाय, र. रकार क्र मध्ये तिरकी रेघ होतो आणि ट्र मध्ये खाली टोपीसारखा दिसतो, त्याच्याशी तुमचा संबंध नाही. ते फॉन्ट बघून घेईल. 'ट्रक' ही ट, पाय, र, क असाच. 'प्रत' आणि 'पत्र' या दोन शब्दांत तर अगदी त्याच चार कळा आहेत, फक्त त्यांचा क्रम बदलतो: प, पाय, र, त आणि प, त, पाय, र. ही जोडी शंभरदा टाईप केली की क्रम पाठ करावा लागत नाही.

आता 'पर्वरी': प, र, पाय, व, र, दीर्घ वेलांटी. रेमिंग्टनवाला प, व टाईप करून रफार टाकतो आणि तो रफार पुढच्या री वर जाऊन बसतो. 'चतुर्थी' मध्ये थी नंतर टाकलेल्या रफाराला पुढे अक्षरच सापडत नाही, म्हणून तो 'र्' होऊन शेवटी लोंबत राहतो.

आकड्यांच्या ओळीत शिफ्ट धरून ३ वर तयार रकार आणि ४ वर तयार रफार मिळतो. माझ्या मते त्याकडे ढुंकूनही पाहू नये. हात घरची, म्हणजे मधली, ओळ सोडतो, आणि 'रफाराची कळ' सापडली की रेमिंग्टनवाला ती पुन्हा अक्षरानंतरच दाबतो.

मराठीची एक खास अडचण उरते. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे दरीचं अनेकवचन. पहिल्यात साधा र, दुसऱ्यात ऱ, जो शिफ्ट आणि जे वर आहे. ऱ, पाय, य. 'किनार्यावर' असं रफार देऊन लिहिलेलं गोव्यात इतकं दिसतं की डोळ्यांना सवय झाली आहे. चूक ती चूकच. काही प्रोग्रॅम साध्या र ला अदृश्य जोडक चिन्ह लावून ऱ्या सारखंच रूप आणतात. ते दिसायला बरोबर, पण शोधायला गेलं की सापडत नाही, कारण आत वेगळंच काही साठलेलं असतं.

बाकीचे फरक किरकोळ. इनस्क्रिप्टमध्ये स्वरचिन्हं डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. अपवाद म, न, व हे सी, व्ही, बी वर. शिफ्टने क चा ख, त चा थ, प चा फ होतो आणि ा चा आ. ल चा ळ, म चा ण, स चा श. उजव्या करंगळीवर च, ट, ड, ज, य एवढा भार येतो, तो सोसायचा. कोकणीसाठी वेगळं काही शिकावं लागत नाही, कळा त्याच.

शिकताना घरच्या ओळीपासून सुरुवात करा. डावीकडून ो, े, पाय, ि, ु आणि मग प, र, क, त, च, ट. एफ आणि जे वर जो उंचवटा हाताला लागतो, तिथे तर्जन्या: डावी ऱ्हस्व वेलांटीवर, उजवी र वर. एवढ्यावर चिकट, तुरट, पोट, चोर, तर्क, चक्र, पत्र, ट्रक सगळं लिहून होतं. रोज वीस मिनिटं, आठवडाभर हीच ओळ. वेग मोजू नका. चूक झाली तर बॅकस्पेसने एक अक्षर दुरुस्त करत बसू नका, पूर्ण शब्द पुसून पुन्हा लिहा, कारण बोटांना शब्दाचा क्रम शिकवायचाय.

कळांवर मराठी स्टिकर चिकटवणं मला अजिबात पटत नाही. स्टिकर आहेत तोवर मान खाली जाणारच. त्याऐवजी विंडोजमध्ये विंडोज, कंट्रोल आणि ओ दाबून पडद्यावरचा कळफलक उघडा आणि डोळ्यांसमोर ठेवा. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस. मराठी जोडताना नुसतं 'मराठी' घ्या, 'मराठी फोनेटिक' नको. रोमनमधून मराठी लिहिणं मोबाईलवर ठीक, पण ण की न, ळ की ल हे यादीतून निवडायला डोळा अडकतो, म्हणजे टच टायपिंग, कळा न बघता टाईप करणं, तिथेच संपलं.

रेमिंग्टनवर हात भरधाव चालत असेल, डीटीपीचं पोट त्यावर असेल, तर सोडायची गरज नाही. युनिकोड साठवणारे रेमिंग्टन कळफलक मिळतात. ते आधी आलेली वेलांटी धरून ठेवतात आणि अक्षर आल्यावर मागे लावतात. मात्र वेलांटी दाबून अक्षर यायच्या आत माऊसने दुसरीकडे क्लिक करू नका, नाहीतर ती भलत्याच अक्षराला चिकटते. दोन्ही कळफलक एकाच वेळी शिकायला घेतले, तर 'शिनवार' पुन्हा ठरलेलाच.

क्रम बसला की नाही हे बघायला एकच शब्द पुरे, 'किनाऱ्यावर'. कळा: के, एफ, व्ही, ई, शिफ्ट-जे, डी, तिरपी रेघ, ई, बी, जे. खाली न बघता सलग दहा वेळा बरोबर आला, तर पुढच्या ओळीला लागा.