रावेरच्या पोटात रावेर: डिरेक्टरी कॉपीच्या नियमामागची पार्श्वभूमी

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची फाइली कॉपी करणारी सीपी (cp) कमांड १९७१ ची. तिला सुरुवातीला फक्त फाइली कळायच्या. अख्खी डिरेक्टरी, म्हणजे फोल्डर, कॉपी करायची तर युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आलेल्या टार (tar) या फाइलींचं गाठोडं बांधणाऱ्या कमांडचा आधार होता: एका टारने बांधायचं, पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या दुव्यातून) पलीकडे पाठवायचं, दुसऱ्या टारने सोडायचं. पुढे सीपीला डिरेक्टरी आतल्या सगळ्यासकट कॉपी करणारा स्मॉल आर (-r) हा पर्याय आला. पाइपसारख्या खास फाइली त्याने कशा हाताळायच्या, यावर एकमत नव्हतं. म्हणून पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या प्रमाणकाने कॅपिटल आर (-R) आणला आणि २००८ च्या आवृत्तीतून स्मॉल आर काढून टाकला. लिनक्सवर आज दोन्ही सारखेच, त्यामुळे तो वाद कागदावरच राहिला.

खरा घोळ घातला तो एका जुन्या, वरवर साध्या नियमाने. कमांडमधलं शेवटचं नाव, म्हणजे कॉपी जिथे जायची ते, आधीपासून असलेल्या डिरेक्टरीचं असेल, तर माल तिच्या आत टाकायचा. फाइलींसाठी हे सोयीचंच होतं. डिरेक्टरीलाही तोच नियम लावला आणि एकाच कमांडचे दोन अर्थ झाले.

समजा, सावद्याच्या केळी व्यापाऱ्याच्या सर्व्हरवर ‘रावेर’ नावाच्या डिरेक्टरीत भाव आणि गाड्यांच्या नोंदी आहेत. रोज रात्री ती सीपीने ‘बॅकअप/रावेर’ला जाते. पहिल्या रात्री ‘बॅकअप/रावेर’ अस्तित्वातच नाही, म्हणून ती तयार होते आणि नोंदी तिच्यात नीट बसतात. दुसऱ्या रात्री ती आहे, म्हणून आत ‘बॅकअप/रावेर/रावेर’ बनते. तिसऱ्या रात्रीपासून ताज्या नोंदी त्या आतल्या रावेरमध्येच जातात. बाहेरच्या नोंदी पहिल्याच दिवसावर अडकलेल्या, आणि एररचा एक शब्द नाही! बॅकअप उघडणारा बाहेरचीच फाइल उघडणार, हे उघड आहे.

स्रोताच्या, म्हणजे जिची कॉपी करायची त्या डिरेक्टरीच्या, नावाच्या शेवटी स्लॅश (/) दिला की सुटका होते, असं अनेकांना वाटतं. मॅकवर होते: तिथे स्लॅश म्हणजे ‘आतला माल’. लिनक्सची सीपी त्या स्लॅशकडे ढुंकूनही पाहत नाही. १९९६ मध्ये आलेल्या आरसिंक (rsync) या कॉपीच्या दुसऱ्या कमांडने मात्र स्लॅशला ठाम अर्थ दिला. स्लॅश असेल तर आतला माल, नसेल तर डिरेक्टरीसकट. पलीकडे काही असो वा नसो. शिकणारे या स्लॅशवरून वैतागतात, पण माझ्या मते या सगळ्यांत तोच प्रामाणिक नियम. सीपीच वापरायची तर ‘रावेर/.’ लिहावं, किंवा लिनक्सवर कॅपिटल टी (-T) हा पर्याय द्यावा. मग ‘बॅकअप/रावेर’ आधी असो वा नसो, नोंदी थेट तिच्यातच बसतात.

अलीकडचे बदल वेगळ्याच अंगाने आले. २०२१ पासून लिनक्सची सीपी, फाइलसिस्टिमची (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीची) साथ असेल तर, डेटा पुन्हा न लिहिता डिस्कवरचे आहे तेच ब्लॉक (डेटाचे तुकडे) दोन्ही फाइलींत वाटून घेते. कॉपी झटक्यात होते, पण त्याच डिस्कवर असा बॅकअप ठेवला, तर एक ब्लॉक बिघडला की मूळ आणि बॅकअप दोन्हीकडे बिघडतो. दुसऱ्या सर्व्हरवर फाइली पाठवणारी एससीपी (scp) कमांड २०२२ मध्ये आतून एसएफटीपी (SFTP) या फाइली पाठवायच्या दुसऱ्या पद्धतीवर गेली. पलीकडच्या जुन्या मशीनवर एसएफटीपी चालू नसेल तर कॅपिटल ओ (-O) देऊन जुनी पद्धत मागावी लागते.