निळा अधिक पिवळा बरोबर राखाडी

आईला हिरवे लोकरी मोजे हवे होते. माझ्याकडे निळी आणि पिवळी मेरिनो लोकर पडून होती, छान पिंजलेली. म्हटलं, निळा आणि पिवळा मिळून हिरवा होतो हे शाळेत चित्रकलेच्या तासाला शिकलोच आहोत. टकळीवर एक धागा निळा कातायचा, एक पिवळा, दोघांना एकत्र पीळ द्यायचा, की झालं. पंधरा दिवस कातलं, मग विणलं. आईने मोजे पायात घातले आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं, तर धुळकट राखाडी!

"हिरवे कुठायत गं? हे तर निळे-पिवळे आहेत," आई खाली बघत म्हणाली.

"राखाडी आहेत," मी म्हटलं.

दोघींचंही बरोबर होतं.

भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 1855 मध्ये हाच घोळ भोवऱ्यावर सोडवून दाखवला होता. भोवऱ्यावर रंगीत कागदाच्या पाकळ्या बसवायच्या आणि तो गरागरा फिरवायचा. निळ्या-पिवळ्या पाकळ्या फिरताना हिरव्या दिसल्याच नाहीत. योग्य प्रमाणात घेतल्या तर किंचित गुलाबी झाक असलेला फिका रंग दिसला. चित्रकलेच्या तासाला शिकवलेलं मग खोटं का? खोटं नाही, पण ते फक्त रंगाच्या वाटीपुरतं खरं आहे.

वाटीत काय होतं बघा. पिवळा रंग निळा प्रकाश गिळतो, तांबडा आणि हिरवा परत पाठवतो. निळा रंग तांबडा गिळतो, निळा आणि थोडा हिरवा परत पाठवतो. दोन्ही रंगांचे कण एकमेकांत मिसळलेले असले की प्रकाशाला दोघांच्याही तावडीतून सुटावं लागतं. सुटतो फक्त हिरवा. म्हणजे ही वजाबाकी आहे. नीळ दिलेलं सूत डाळिंबाच्या सालीच्या पिवळ्या रंगात बुडवलं की हिरवं निघतं ते याच हिशोबाने.

पिळाच्या धाग्यात तसं नसतं. निळ्या पदरावर पडलेला प्रकाश निळा होऊन परततो, पिवळ्यावरचा पिवळा होऊन. एकमेकांच्या वाटेत ते फारसे येतच नाहीत. दोन्ही थेट डोळ्यात पोचतात आणि पदर वेगळे दिसण्याइतके मोठे नसतील तर डोळ्याच्या पडद्यावरच्या, रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी त्यांची सरासरी काढतात. पिवळ्याने तांबड्या आणि हिरव्या प्रकाशाला जागणाऱ्या पेशी चाळवल्या, निळ्याने निळ्याच्या. तिन्ही जागल्या म्हणजे पांढरा. पण प्रत्येक रंगाच्या वाट्याला निम्मीच जागा, म्हणून उजेड कमी. अंधुक पांढऱ्यालाच आपण राखाडी म्हणतो.

आता आईचं म्हणणं. चांगली नजर साधारण एका कलेइतकं, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर वेगळं ओळखते. माझा एक पदर सुमारे 0.7 मिलिमीटर जाड. गणित केलं तर अडीच मीटरपलीकडे तो एका कलेपेक्षा लहान होतो. उभ्या आईच्या डोळ्यांपासून पाय दीड मीटरवर, मी दारात चार मीटरवर. पूजेला मनगटावर बांधतात तो लाल-पिवळा दोरा आठवा, हातात पट्टेदार आणि खोलीच्या त्या टोकाहून केशरी.

मधली एक पायरी मला सगळ्यात आवडते. कातण्याआधीच निळी-पिवळी लोकर दातेरी ब्रशांनी एकत्र पिंजली तर? मेरिनोचा तंतू जेमतेम 0.02 मिलिमीटरचा आणि थोडासा पारदर्शक. प्रकाश एका तंतूतून निघून शेजारच्यात शिरतो, म्हणजे थोडी वजाबाकी, थोडी सरासरी. मग येतो तो मळकट, शेवाळी हिरवा, ज्यात जवळून पाहिलं तर दोन्ही रंगांच्या ठिणग्या असतात. दोन रंग तेच, फक्त ते किती बारीक होऊन भेटले यावर सगळं.

मग पदर एकत्र पिळायचेच कशाला, एकेरी धागाच विणावा? विणून बघा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. एकेरी धाग्यातला पीळही टाक्यात गेल्यावर सुटायला धडपडतो आणि टाक्यांच्या रांगा तिरक्या होतात. टीशर्टची बाजूची शिवण धुतल्यावर पोटावर येते ना, त्यामागेही बऱ्याचदा हेच असतं. कातताना उजवा पीळ दिला असेल तर पदर जोडताना डावा द्यायचा. पदरांचा जोर एकीकडे, जोडपिळाचा दुसरीकडे, धागा शांत. घोंगडीला असं करत नाहीत, कारण मागावर ताणा ओढून धरलेला असतो आणि चिंचोक्याची खळही दिलेली असते.

(घोंगडीवरून आठवलं. तिच्यावर झोपल्याने रक्तदाब उतरतो, सांधे मोकळे होतात अशा जाहिराती हल्ली रोज दिसतात. लोकरीच्या कुरळ्या तंतूंत हवा अडकते, लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वाफ शोषूनही ओली लागत नाही. एवढं कौतुक पुरे की!)

मोज्यांना दोनपेक्षा तीन पदर बरे. दोन पदरी धागा चपटा, खाचांचा. तीन पदरी गोल, त्यामुळे टाचेखालची झीज वाटली जाते. पण लांबीभर रंग बदलत जाणाऱ्या बहुरंगी लोकरीचे तीन वेगळे धागे जोडले की कुठे निळ्यासमोर पिवळा, कुठे पिवळ्यासमोर निळा, आणि पुन्हा राखाडी चिखल. यावर एक नामी युक्ती आहे. एकच धागा घ्यायचा, क्रोशाच्या साखळीसारखे हातभर लांब फासे एकातून एक ओढत जायचं आणि ओढतानाच उलटा पीळ द्यायचा. प्रत्येक ठिकाणी तोच धागा तिनदा येतो. निळ्याशेजारी निळाच, पिवळा आला की तिन्ही पिवळे. फक्त रंग बदलतो तिथे हातभर सरमिसळ.

दुसरी जोडी मी अशीच केली. चार मीटरवरूनही पट्टे स्वच्छ दिसतात. फाशांची वळणं जिथे येतात तिथे धाग्याला बारीक गाठीसारखा उंचवटा राहतो आणि तो आईला चवड्याखाली बोचतो, म्हणून घरात ती राखाडीच घालते. निळे-पिवळे, तिच्या मते.