चाकांवरचं घर: आरव्हीचा विमा वेगळा, घराचा वेगळा

अमेरिकेत टायनी हाऊसचा, म्हणजे ट्रेलरवर बांधलेल्या चिमुकल्या घराचा, मालक विमा एजंटाला फोन लावतो, तेव्हा घराच्या किमतीच्याही आधी प्रश्न येतो: खाली चाकं आहेत का? 'आहेत' म्हटलं की घराची नेहमीची पॉलिसी देणारा हात आखडता घेतो, कारण त्याच्या पॉलिसीत घर म्हणजे पायावर उभी असलेली इमारत. तो आरव्हीवाल्याकडे, म्हणजे राहायची सोय असलेल्या सहलीच्या वाहनांचा विमा करणाऱ्याकडे, पाठवतो. तिथे विचारतात, कारखान्यात बनलंय का, शिक्का कुठला, आणि वर्षभर त्यातच राहणार का? घर स्वतःच्या हातांनी बांधलेलं असेल तर बऱ्याचदा दोन्हीकडून नन्नाचा पाढा. मग वैतागून जी पॉलिसी मिळेल ती घेतली जाते. दोन्हींत आग आहे, चोरी आहे, वादळ आहे, म्हणजे सारखंच की, असं वाटतं. फरक कळतो तो क्लेमच्या दिवशी.

आधी शिक्क्याचं बघू. आरव्ही उद्योगाची आरव्हीआयए ही संघटना आपल्या सदस्य उत्पादकांच्या वाहनांवर शिक्का देते. प्रवासी ट्रेलरला एनएफपीए 1192 हे मानक लागतं आणि पार्क मॉडेलला (एका जागी लावून ठेवायच्या ट्रेलरला) एएनएसआय ए119.5. वायरिंग, गॅसची जोडणी, आगीत बाहेर पडायची वाट या गोष्टी त्यांत येतात, त्यामुळे विमा कंपनीला धोक्याचा अंदाज बांधता येतो. अडचण अशी की आरव्ही ही सहलीसाठी, तात्पुरत्या मुक्कामासाठी आहे असं ही मानकं धरून चालतात. म्हणजे ज्या शिक्क्यामुळे पॉलिसी मिळते, तोच सांगतो की तुमचं खरं घर दुसरीकडे असणार! दुसऱ्या बाजूला, 2018 च्या नमुना निवासी बांधकाम नियमावलीत टायनी हाऊससाठी परिशिष्ट आलं. माळा सोडून 400 चौरस फूट किंवा त्याहून लहान घराला ते लागू होतं, पण तेही मुळात जमिनीवर पक्क्या बसवलेल्या घरासाठी. चाकांवर कायम राहणारा माणूस या दोन कागदांच्या फटीत सापडतो.

फरक सगळ्यात जास्त जाणवतो तो रस्त्यावर. आरव्हीच्या पॉलिसीत टक्कर आणि इतर नुकसान अशी दोन्ही कलमं घेता येतात आणि ती घर चालतं असतानाही लागू राहतात. घराच्या धर्तीवरची टायनी हाऊस पॉलिसी मात्र बहुतेक वेळा घर उभं आहे असं धरून लिहिलेली असते. ते हलवायचं असेल तर प्रवासापुरतं वेगळं कव्हर घ्यावं लागतं, आणि तेही निघण्याआधी.

इथे तिसराच गैरसमज डोकं वर काढतो: ट्रकचा विमा आहे ना, मग मागे जोडलेलं सगळं त्यातच आलं. समजा, बहुतेक राज्यांत चालणाऱ्या साडेतेरा फुटांच्या मर्यादेला टेकलेलं घर ओढत तुम्ही पेट्रोलपंपावर वळलात आणि छताची कड वरच्या शेडला घासली. शेडचं नुकसान दुसऱ्याचं, ते साधारणपणे ट्रकच्या लायबिलिटीतून निघतं. तुमचं फाटलेलं छत, हललेली तुळई, फुटलेली माळ्याची खिडकी हे त्यात येत नाही. त्यासाठी घराची स्वतःची पॉलिसी लागते, आणि ती फक्त मुक्कामापुरती असेल तर सगळा खर्च तुमच्या खिशातून.

पुराच्या बाबतीत गंमत उलटी आहे. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या पॉलिसीतून पूर वगळलेला असतो. तो वेगळा घ्यावा लागतो, आणि सरकारी पूर विमा योजनेत चाकांवर उभा ट्रेलर 'इमारत' धरला जात नाही. चाकं काढून, कायमच्या पायाला जखडून, स्थानिक पूरनियमांत बसवला तरच त्याचा विचार होतो. आरव्हीच्या 'कॉम्प्रिहेन्सिव्ह', म्हणजे टक्कर सोडून इतर नुकसानीच्या, कलमात मात्र पुराचं नुकसान सहसा धरलेलं असतं. नदीकाठी घर लावणाऱ्याने हे एवढं तरी नीट वाचावं. घर म्हणून मान मिळावा या हट्टापायी घराची पॉलिसी घेतली आणि पुराचं कव्हर हातचं गेलं, असं होऊ शकतं.

पाहुणा माळ्याच्या शिडीवरून पडला तर? घराच्या पॉलिसीत वैयक्तिक जबाबदारीचं कलम असतंच. साध्या आरव्ही पॉलिसीत ते सुट्टीतल्या मुक्कामापुरतं मिळतं. कायम राहत असाल तर 'फुल-टाइमर' कव्हर जोडून घ्यावं लागतं. राहतो कायम आणि सांगतो 'सुट्टीपुरतं', हा प्रीमियम वाचवायचा सगळ्यात महागडा मार्ग. घर भाड्याने देणार असाल तर दोन्हीकडे आधी कळवायचं.

आता पैसे किती मिळतील? आरव्ही हे वाहन, म्हणून पॉलिसी बाजारभावावर असेल तर दरवर्षी घसारा कापला जातो. घर मात्र सहसा नव्याने बांधायच्या खर्चावर मोजलं जातं. स्वतः बांधलेल्या घराचं दुखणं आणखी वेगळं. नोंदणीच्या कागदावर फक्त खालच्या ट्रेलरचा सतरा अक्षरी क्रमांक असतो, वरच्या लाकडाचा, काचेचा, तुमच्या घामाचा त्यात उल्लेखच नाही. जमलं तर ठरलेल्या रकमेची पॉलिसी मागा, म्हणजे घर गेलं तर किती मिळणार हे आधीच लिहिलेली. भिंती बंद करण्याआधी आतल्या वायरिंगचे, पाइपांचे, ट्रेलरला घर जिथे बोल्टने धरलंय त्या जागांचे फोटो काढून ठेवा, बिलं जपा. नंतर भिंत फोडून पुरावा दाखवायला कोणी तयार नसतं.

कुजलेलं लाकूड, बुरशी, उंदरांनी कुरतडलेली वायर यांचे पैसे दोन्हींत सहसा मिळत नाहीत, हे 'देखभालीत' गेलं. त्यामुळे छताचे आणि खिडक्यांचे सांधे तपासणं हाच त्यावरचा विमा. चोरीत मात्र चाकांची किंमत कळते: साध्या घरातलं सामान जातं, इथे घरच जातं. ट्रकला जोडायच्या हूकला कुलूप, चाकाला कुलूप, आत कुठेतरी दडवलेला जीपीएस ट्रॅकर या तीन गोष्टी असायलाच हव्यात. वारा जास्त असलेल्या जागी चौकट जमिनीत रोवलेल्या अँकरना पट्ट्यांनी बांधावी, फक्त जॅकवर उभं करून सोडू नये.

हलवताना वजन बघा. ट्रेलरच्या पाटीवर लिहिलेल्या कमाल वजनापेक्षा घर जड असेल तर अपघातानंतर पहिला प्रश्न त्याचाच निघतो. हूकवर एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार असावा. कमी पडला तर मागचं घर डुलायला लागतं. एका जागी बरीच वर्षं उभ्या ट्रेलरचे टायर वरून ठणठणीत दिसले तरी उन्हाने आणि वयाने तडकतात. कडेवर छापलेली तारीख बघा, चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

आणि घर व्यावसायिक वाहतूकदार ओढून नेणार असेल, तर त्याच्याकडून विम्याचं प्रमाणपत्र आधीच मागवा. एका फेरीला किती रकमेपर्यंत भरपाई आहे, आणि मागे ओढलेला ट्रेलर त्याच्या पॉलिसीत 'माल' धरला जातो की नाही, याचं उत्तर लेखी घ्या. तो 'काळजी नको' म्हणाला तरी घ्या.