कॉम्प्रेसरला मोटर निवडताना

पुण्यात गुरुवारी लाईट जाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. अशाच एका गुरुवारी कात्रजला सीएनजीच्या रांगेत रिक्षातून उतरून उभा होतो. शेडमधली घरघर थांबली आणि थोड्या वेळानं पुढून निरोप आला, "प्रेशर नाही." रिक्षावाले काका वैतागले. "गॅस पाइपातनं येतो ना? त्याला लाईट कशाला लागते?"

प्रश्न रास्त होता. शहरातल्या पाइपातून पंपापर्यंत गॅस येतो तो साधारण पंधरा-वीस बार दाबानं (एक बार म्हणजे जवळजवळ आपल्या भोवतालच्या हवेचा दाब), आणि टाकीत भरायचा २०० बारनं. मधली चढण कॉम्प्रेसर चढवतो, त्याला फिरवते मोटर. पंपावरची मोटर तशी लहानच. राज्याराज्यांतून जाणाऱ्या मुख्य वाहिन्यांवर दाब टिकवायला काही मेगावॅटपासून वीस-पंचवीस मेगावॅटपर्यंतची यंत्रं लागतात, आणि खरी डोकेफोड तिथे असते.

आडरानात वीज नसेल तर गॅस टर्बाइन बसवतात. वाहिनीतलाच थोडा गॅस जाळायचा. पण त्यातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त कामी येतो, आणि हवा तापली की टर्बाइनचा जोर उतरतो. मोठी मोटर मिळालेल्या विजेतली ९५ टक्क्यांहून जास्त वापरते. अर्थात ती वीज कोळशातून आली असेल, तर निम्म्याहून जास्त उष्णता वीजकेंद्रातच गेलेली असते. हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

मोटर घ्यायची ठरली की पहिला सवाल हॉर्सपॉवरचा असेल असं वाटतं. मला विचाराल तर पहिला सवाल ती सुरू कशी करायची हा. भोसरीत शेजारच्या शेडमधली मोटर सुरू झाली की आमच्या ट्यूबा डोळा मारायच्या. थांबलेली मोटर थेट लाइनवर टाकली की नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. त्यानं व्होल्टेज बसतं, आणि मोटरचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. व्होल्टेज २० टक्के पडलं तर पीळ उरतो ६४ टक्के. तेवढ्यात दाबाखालचा कॉम्प्रेसर हलला नाही, तर मोटर जागच्या जागी तापत राहते. म्हणून सुरुवातीला बायपास, म्हणजे गॅस मागे वळवणारी वाट, उघडून लोड काढून टाकतात, किंवा वेग हळूहळू वाढवणारा ड्राइव्ह लावतात.

ड्राइव्हचा आणखी एक फायदा सांगतात, विजेची बचत. फिरत्या चाकानं गॅस ढकलणाऱ्या सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसरचा वेग ८० टक्क्यांवर आणला तर लागणारी शक्ती जवळजवळ निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. पिस्टनच्या कॉम्प्रेसरला हे गणित लावू नका. तिथे शक्ती साधारण वेगाच्याच प्रमाणात उतरते. शिवाय पिस्टनचे हिसके आणि ड्राइव्हची थरथर शाफ्टच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली, तर मोटर आणि कॉम्प्रेसर जोडणारं कपलिंग तुटतं. हा हिशेब ऑर्डर देण्याआधीच करावा लागतो.

आणि गॅस गळलाच तर? हवेत मिथेन ५ ते १५ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. त्यामुळे काही मोठ्या मोटरी सुरू करण्याआधी आतून स्वच्छ हवेनं धुऊन काढतात. तोवर स्टार्टचं बटण दाबून काहीच होत नाही.

पाऊण तासानं लाईट आली. शेडमधून आधी मोटरचा हलका सूर ऐकू आला. काही सेकंदांनी तो जड झाला. बायपास बंद झाला असावा. काकांनी रिक्षा हातानंच पुढे ढकलली.